दूताचा ओव्हरकोट

युरोपच्या उत्तर टोकाला एक चिमुकला देश होता. तिथली घरं हिवाळ्यात शेजारच्या बलाढ्य देशातून येणाऱ्या गॅसवर तापत. एका जानेवारीत त्या शेजाऱ्याचा ग्रावेन नावाचा दूत करार घेऊन ऊर्जामंत्री इल्झेबाईंसमोर येऊन बसला.

"तुमचं बंदर आमच्या आरमाराला द्या. नाहीतर उद्या गॅस बंद. मग बसा काकडत!"

करार मोठ्याने वाचल्याशिवाय सही करायची नाही, अशी तिथली रीत होती. इल्झेबाई शांतपणे वाचू लागल्या. तासाभराने ग्रावेनने ओव्हरकोट काढला, मग टायही सैल केला.

"झालं का?" तो गुरगुरला.

"झालं. सही होणार नाही."

"मग गोठून मरा!"

"तुमची गॅसवाहिनी आमच्या हद्दीत आम्ही आज पहाटेच बंद केली, ग्रावेनसाहेब."

घाम पुसणारा त्याचा हात थांबला. "मग ही ऊब?"

"तुमच्याच गॅसची. उन्हाळ्यात आम्ही दुप्पट मागवला, तुम्ही खुशीत दिलात. उन्हाळ्यात एवढा कशाला, हे विचारलंच नाहीत. मिठाच्या जुन्या खाणीत दोन हिवाळ्यांचा साठा आहे."

इल्झेबाईंनी ओव्हरकोट उचलून त्याच्या हातात दिला.

"घाला. थंडी बाहेर आहे."