ठकूबाई आणि बाजाराची चिंच

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना दातही फुटले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. हिवरखोरी गावात बाजाराच्या मैदानावर एक चिंच होती. तिच्या सावलीत शंभर बैलगाड्या सुटायच्या, असं म्हणतात. मी काही मोजल्या नाहीत बाबा, पण कमी नसाव्यात.

त्याच गावात ठकूबाई राहायची. झाडांवर चढून शेळ्यांसाठी पाला काढायचा, हे तिचं काम. साठी उलटली तरी काष्टा मारून, कमरेला करवत खोचून ती खारीसारखी सरसर वर जायची. झाडं तिच्याशी बोलायची, असं म्हणतात.

एका चैत्रात वादळानं चिंचेची फांदी पडली आणि सुभानराव पाटलांची नवीकोरी गाडी चेचली. झालं! पाटील असे तापले म्हणता! "वरचा सगळा पसारा उडवा. निम्मं झाड राहिलं तरी पुष्कळ," म्हणाले.

ठकूबाईच्या कानावर हे आलं. शेजारच्या गावानं आपलं शिरीषाचं झाड असंच बोडकं केलं होतं. पहिल्या वर्षी वर हिरवागार झुबका फुटला, गाव खूश! तिसऱ्या वर्षी तेच कोवळे फुटवे वाऱ्यानं पटापट मोडले, कापल्या जागी पाणी मुरून खोड कुजलं आणि झाड गेलं.

ती तडक चावडीवर गेली. "पाटील, केस वाढले म्हणून कुणी मुंडकं उडवतं का?"

"आणि परत फांदी पडली तर?"

"तर माझ्या डोक्यावर पडू दे. पुढच्या वादळात मी खाली बसते."

"बस मग," पाटील म्हणाले आणि छाटणी तिच्यावर सोपवली.

नऊ दिवस ठकूबाई झाडावरच होती. तिनं वाळलेल्या फांद्या काढल्या, एकमेकींना घासणाऱ्या काढल्या, आतली दाटी मोकळी केली. शेंड्याला हात लावला नाही. फांदी खोडाला मिळते तिथं सालीची जाड वळी असते, तिच्या बाहेरच करवत लावली, म्हणजे जखम भरून येते. बाजारावर झुकलेल्या फांदीचं टोक हलकं करून खाली सागवानी टेकू दिला. "म्हातारी झाडाची वेणीफणी करतेय!" लोक खालून हसले. हसेनात का!

दहाव्या दिवशी दुपारीच आभाळ काळंठिक्कर झालं. ठकूबाई चिंचेखाली मांडी घालून बसली. भ्यायली होती हो, कोण भिणार नाही? वारा असा सुटला की देवळाचा कळस वाकला आणि घरांची कौलं पार नदीपलीकडे जाऊन पडली, असं म्हणतात. मग तो चिंचेत घुसला. पण आत आता वाट होती. या अंगानं शिरला, त्या अंगानं निघून गेला. फांद्या करकरल्या, झुलल्या, पण एकही मोडली नाही. म्हातारीच्या पदरावर पानसुद्धा पडलं नाही, असं म्हणतात.

पाटील अनवाणी धावत आले आणि त्यांनी ठकूबाईला चक्क खांद्यावर घेतलं! हलगी कडाडली, सगळं गाव नाचलं.

आजही हिवरखोरीत चैत्राच्या पहिल्या बाजारी गावच्या बायका करवती घेऊन चिंचेवर चढतात. 'ठकूबाईच्या लेकी' म्हणतात त्यांना. छाटणी उरकली की पाटलांच्या घरातला कर्ता माणूस एकटा झाडाखाली मांडी घालून बसतो. बायका वरून फांद्या गदागदा हलवतात. त्या "ऊठ आता" म्हणेपर्यंत त्याला उठता येत नाही.