मुठीतला मोदक

“मग बुवा, पाटी कुठं लावू? दारावर की पायऱ्यांपाशी?”

डॉक्टर निरंजन शाळिग्रामनं पिशवीतून पाटी काढून दाजीबुवांसमोर धरली. पांढऱ्यावर ठसठशीत लाल अक्षरं होती : ‘मठात चॉकलेटचे मोदक आणू नयेत. साखर हे विष आहे.’

बुवांनी चष्मा लावला. पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली.

“अक्षर सुरेख आहे,” ते म्हणाले.

गणपतीचा चौथा दिवस होता. नदीकाठच्या त्या लहानशा मठात सकाळची आरती आटोपली होती. मूर्तीपुढच्या ताटात एकवीस मोदक मांडले होते. यंदा उकडीचे चारदोन आणि बाकी सगळे चॉकलेटचे. साच्यात घालायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, की झालं. गावात ज्याला त्याला तेच सुचलं होतं.

निरंजन बुवांचा शिष्य होता आणि डॉक्टरही होता. हा दुहेरी मान त्याला जरा चढला होता, हे कबूल करायला हवं.

पण माणूस कामाचा. अकरा वर्षांपूर्वी साखर वाढून बुवांचा पाय काळा पडत चालला होता. कापावा लागणार, असं सगळे म्हणत होते. निरंजननं तो वाचवला. त्या दिवसापासून बुवांनी गोडाचा कण जिभेवर ठेवला नव्हता. निरंजननंही साखर सोडली. नुसती सोडली नाही, तिच्याशी वैर धरलं.

“घरीसुद्धा मी हाच नियम केलाय,” तो म्हणाला. “परवा ताई आली होती चॉकलेटचे मोदक घेऊन. मी स्पष्ट सांगितलं, हा डबा उंबऱ्याच्या आत यायचा नाही.”

“मग?”

“मग गेली.”

“डबा?”

“घेऊन गेली...”

त्यानं बोटानं पाटीची कड पुसली.

“दोन दिवस झाले, फोन उचलत नाही.”

हे शेवटचं त्यानं पाटीकडे बघत सांगितलं.



तेवढ्यात अंगण झाडणाऱ्या शेवंताबाई आल्या. हातात पळसाचं पान, पानावर एकच मोदक. चॉकलेटचाच. शेंडा जरा मोडलेला.

“नातीनं शिकवला, बुवा. बिघडला असंल, पर गोड मानून घ्या.”

निरंजन पुढे सरसावला. “बाई, बुवांना साखर...”

बुवांनी त्याला हातानंच थांबवलं. दोन्ही हातांनी मोदक घेतला, कपाळाला लावला.

“शेवंताबाई, तुम्ही आठवण ठेवलीत. माझा सण झाला बघा.”

बाईंचा चेहरा फुलला. पदर सावरत त्या खराटा घेऊन अंगणात गेल्या.

ज्या पायासाठी रात्री जागवल्या, तो पाय निरंजनच्या डोळ्यांसमोर आला.

“बुवा, तुम्ही हा खाणार?”

“नाही.”

“मग घेतलात कशाला?”

“हात पुढे कर.”

निरंजननं उजवा हात पुढे केला. बुवांनी मोदक त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

“घट्ट धर. आता सांग, साखरेनं काय काय होतं?”

असं विचारल्यावर डॉक्टर थांबतो थोडाच! दात किडतात, इथपासून त्यानं सुरुवात केली. मग यकृत, मग डोळे, मूत्रपिंडं, पाय. सणासुदीला घरोघर येणारे डबे, लहान वयात सुटलेली पोटं, तिशीतच दवाखान्याच्या चकरा. बोलता बोलता त्याचा आवाज चढला.

बुवा प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते.

“खरं आहे... तेही खरं आहे.”

“मग पाटी लावू?”

“पाटी तुझ्या दवाखान्यात लाव. तिथं तिचा उपयोग होईल. तुझे उपकार या पायाला रोज आठवतात, निरंजन. मूठ उघड.”

निरंजननं मूठ उघडली. मोदक उरला नव्हता. तळवा, बोटं, बोटांच्या बेचक्या, सगळं चॉकलेटनं माखलं होतं. मनगटावरून एक ओघळ शर्टाच्या बाहीत शिरला होता.

“ताईच्या डब्यातले कसे झाले होते?” बुवांनी विचारलं.

“मी... पाहिले नाहीत.”

“उघडलाही नाहीस?”

“नाही.”

अंगणात खराट्याचा आवाज चालू होता.

“दोन एसट्या बदलून आली होती,” निरंजन हळूच म्हणाला. “वितळू नयेत म्हणून डब्याभोवती ओला पंचा गुंडाळला होता. तिच्या साडीवर पाण्याचा हा एवढा डाग...”

आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ताई चौदाची. जेवण झालं की ती त्याला मोरीवर न्यायची आणि बोटन् बोट चोळून हात धुवायची. पुढे तो मोठा झाला, डॉक्टर झाला, तेही तिनंच भरलेल्या डब्यांवर. आपण तिचे आभार कधी मानले का, हे त्याला खरोखरच आठवेना.

“बुवा,” त्यानं विचारलं, “तुम्ही गोड खात नाही, हे शेवंताबाईंना सांगितलं नाहीत का?”

“अकरा वर्षांपासून ठाऊक आहे त्यांना.”

“तरी आणतात?”

“दर वर्षी.”

“का?”

बुवांनी मूर्तीकडे पाहिलं.

“सकाळपासून एकवीस ठेवलेत त्याच्यापुढे. एक तरी खाल्ला का त्यानं?”

“नाही.”

“नको म्हणाला का?”

निरंजननं मूर्तीकडे पाहिलं. मग त्याचे डोळे भरून आले. ते पुसायला त्यानं हात उचलला, तर हात हा असा. त्याही स्थितीत त्याला हसू आलं. डाव्या बाहीनं त्यानं कसंबसं तोंड पुसलं आणि वाकून बुवांच्या त्या वाचलेल्या पायाला डोकं टेकवलं. इतक्या वर्षांत तो पाय त्यानं शेकडो वेळा तपासला होता. त्याला असं डोकं टेकवायचं मात्र राहूनच गेलं होतं.

“निघतो,” तो म्हणाला.

“ताईचं गाव इथून किती लांब?”

“गाडीनं अर्धा तास.”

तो उठला आणि ओट्याच्या कडेला ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याकडे वळला.

बुवांनी तांब्यावर हात ठेवला.

“बुवा, असा हात घेऊन गाडी कशी चालवू?”

“सावकाश चालव,” बुवा म्हणाले. “हात तिच्या मोरीवर धू.”