बेलाचे पिवळे पान

फार पूर्वी एका शिवालयाच्या अंगणात बेलाचे झाड होते. भक्तांना अंगण इतके निर्मळ लागे, की गळलेले प्रत्येक पान खराटा नदीकडे लोटून देई. कालांतराने झाडाची खालची पाने पिवळी पडू लागली.

शेंड्यावरचे कोवळे पान हसले, "आजोबा, या वयात हळद लावून बसलात?"

"बाळा, मातीत सत्त्व उरले नाही, म्हणून माझ्यातले मी तुला धाडले. तुझ्यामागून येणाऱ्यांना कोण देईल?" असे म्हणून म्हातारे पान मुळाशी गळून पडले.

"चला नदीवर!" खराटा ओरडला.

"मी हलणार नाही. इथेच कुजेन. देवाला उद्याही हिरवे बेलपान हवे ना?"

खराटा थबकला. मग वळून त्याने वाटेवरची सारी पाने बुंध्याशी लोटत आणली.

पुढे अंगण तितके स्वच्छ दिसेना. बेलाला पालवी मात्र हिरवीगार फुटली.