झिपरी खारीचं भांडी धुण्याचं मशीन

ऐका हं ऐका, कान इकडे करा, खारीची गोष्ट सांगते, मांडीवर बसा.

एक होती खार. तिचं नाव झिपरी. चिंचेच्या झाडात तिची ढोली. ढोलीत सात पिल्लं. सात ताटं, सात वाट्या, सात पेले.

काल झिपरी फांदीवरून पडली. धप्! उजव्या पंजाला लागलं. पंजाला पट्टी बांधली. एका पंजाने भांडी कशी घासणार? पण झिपरीकडे मशीन होतं. भांडी धुण्याचं मशीन. भांडी आत ठेवायची, बटण दाबायचं.

आज झिपरीने बटण दाबलं.

घर्र घर्र... घर्र... फुस्स!

मशीन बंद.

सुतारपक्षी आला. त्याने मशीनवर चोच मारली. टक् टक् टक्!

"मोटर गेली," तो म्हणाला. "असली मोटर आता मिळत नाही. नवं मशीन घे." आणि भुर्रकन उडून गेला.

चुलीवर खीर तयार. पण ताटं खरकटी, वाट्या खरकट्या.

"आई, पातेल्यात तोंड घालू?" पिल्लांनी विचारलं.

"नाही हं! भाजेल!" झिपरी म्हणाली. "थांबा. मी नवं मशीन आणते."

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

झिपरी गेली हत्तीशेठच्या दुकानात. तिथे मशीनच मशीन.

"हे बघ मोठं," हत्तीशेठ म्हणाले. "हे त्याहून मोठं. हे तर माझ्याएवढं!"

"मला इटुकलं हवं," झिपरी म्हणाली. "ढोलीत बसेल असं."

कोपऱ्यात एक इटुकलं मशीन होतं. पांढरंशुभ्र. झिपरी खूश!

"हत्तीशेठ, हत्तीशेठ, हे मशीन द्या.
ताटं खरकटी, वाट्या खरकट्या,
पिल्लं माझी उपाशी!"

हत्तीशेठ म्हणाले, "छे बाई छे! ढोलीत दोन मशीनं मावतील का? जुनं बाहेर जाऊ दे, मगच नवं धाडीन."

झिपरीने शेपटी आपटली. फट्! "काय बाई वैताग!"

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

झिपरी गेली गाढवदादांकडे. गाढवदादा भंगार गोळा करायचे. जुने डबे, जुने पंखे, सगळं पाठीवर.

"गाढवदादा, गाढवदादा, जुनं मशीन न्या.
हत्तीशेठ नवं धाडीनात,
ताटं खरकटी, वाट्या खरकट्या,
पिल्लं माझी उपाशी!"

गाढवदादा म्हणाले, "छे बाई छे! मशीनची नळी नळाला जोडलेली. ओढू कसं? नळी सुटू दे, मगच जुनं नेईन."

झिपरीने शेपटी आपटली. फट्! फट्! "काय बाई वैताग!"

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

झिपरी गेली बगळेमामांकडे. बगळेमामा प्लंबर. ते एका पायावर उभे होते. चोच लांब, पाना लांब.

"बगळेमामा, बगळेमामा, नळी सोडवा.
गाढवदादा जुनं नेईनात,
हत्तीशेठ नवं धाडीनात,
ताटं खरकटी, वाट्या खरकट्या,
पिल्लं माझी उपाशी!"

बगळेमामा म्हणाले, "छे बाई छे! पाणी भस्सकन अंगावर येईल. माझी पिसं भिजतील. पाणी बंद होऊ दे, मगच नळी सोडवीन."

"मामा, तुम्ही तर तळ्यात राहता!"

"ते पाणी वेगळं," बगळेमामा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

झिपरीने शेपटी आपटली. फट्! फट्! फट्! "काय बाई वैताग!"

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

झिपरी गेली माकडभाऊंकडे. माकडभाऊ वॉचमन. चिंचेच्या शेंड्यावर पाण्याची टाकी. टाकीवर माकडभाऊ, हातात केळं.

"माकडभाऊ, माकडभाऊ, पाणी अडवा.
बगळेमामा नळी सोडवीनात,
गाढवदादा जुनं नेईनात,
हत्तीशेठ नवं धाडीनात,
ताटं खरकटी, वाट्या खरकट्या,
पिल्लं माझी उपाशी!"

माकडभाऊ म्हणाले, "छे बाई छे! अख्ख्या झाडाचं पाणी जाईल. सगळे माझ्यावर ओरडतील. कासवकाकूंची चिठ्ठी येऊ दे, मगच पाणी अडवीन."

झिपरीने शेपटी आपटली. फट्! फट्! फट्! फट्! "काय बाई वैताग!"

सुर्र सुर्र... सुर्र सुर्र... टुण्.

झिपरी दमली. कासवकाकू कुठे राहायच्या? झाडाच्या बुंध्याशी. झिपरीच्या अगदी शेजारी! त्या झाडाच्या सेक्रेटरी. सगळ्या चिठ्ठ्या त्याच लिहायच्या. हळू... हळू... हळू.

"कासवकाकू, कासवकाकू, चिठ्ठी लिहा.
माकडभाऊ पाणी अडवीनात,
बगळेमामा नळी सोडवीनात,
गाढवदादा जुनं नेईनात,
हत्तीशेठ नवं धाडीनात,
ताटं खरकटी, वाट्या खरकट्या,
पिल्लं माझी उपाशी!"

कासवकाकूंनी मान बाहेर काढली. हळू... हळू...

"छे बाई छे!" त्या म्हणाल्या. "चहाशिवाय मला अक्षरच दिसत नाही. चहा होऊ दे, मगच चिठ्ठी लिहीन."

"मग घ्या ना काकू चहा!"

"कशातून घेऊ? माझ्याकडे एकच कप. तो परवा तुझ्याकडे साखर घेऊन आला. अजून परत आला नाही."

झिपरी घरी धावली. कप कुठे? मशीनमध्ये! वर ताट, खाली वाटी, मध्ये काकूंचा कप. खरकटा!

झिपरीने शेपटी आपटली. फट्! फट्! फट्! फट्! फट्!

"वैताग! वैताग! वैताग!"

ती उंबऱ्यावर बसली. मुसमुस मुसमुस रडली. "सगळे म्हणतात, आधी ते, मग हे. आधी ते, मग हे. माझ्या पिल्लांचं काय?"

आतून आवाज आला, "आई, भूक!"

झिपरीने नाक पुसलं. ती उठली.

"सात ताटं नाही जमणार," ती म्हणाली. "सात वाट्या नाही जमणार. एक कप जमेल!"

तिने कप पायांत धरला. डाव्या पंजाने घासला. घस् घस् घस्. कप निसटला. टुण्! पुन्हा धरला. घस् घस् घस्. फेस नाकावर आला. आँ... छीं! झिपरीने कप धुतला आणि शेपटीने पुसला.

कप चकचकीत!

मग काय झालं?

कासवकाकूंनी चहा घेतला. एक घोट... दुसरा घोट... "काकू, लवकर!" ...तिसरा घोट.

काकूंनी चिठ्ठी लिहिली.
माकडभाऊंनी पाणी अडवलं. किर्र, किर्र, बंद!
बगळेमामांनी नळी सोडवली. एक थेंब पडला. टप्! मामा केवढ्याने ओरडले!
गाढवदादांनी जुनं नेलं. खडाम खुडुम, खडाम खुडुम.
हत्तीशेठनी नवं मशीन आणलं, सोंडेवर तोलून. हळूच ढोलीत ठेवलं.

बगळेमामांनी नवी नळी जोडली. माकडभाऊंनी पाणी सोडलं. झिपरीने भांडी आत ठेवली. बटण दाबलं.

मशीन गप्प.

सगळे वाकून बघू लागले.

हत्तीशेठनी तोंड उघडलं, "छे बा..."

"खबरदार!" झिपरी ओरडली. "आता कोणी 'छे बाई छे' म्हणायचं नाही!"

हत्तीशेठनी तोंड मिटलं. माकडभाऊ लपले. कासवकाकूंनी मान आत घेतली. एवढीशी झिपरी, पण सगळे तिला घाबरले!

झिपरीने मशीनकडे पाहिलं. वरून पाहिलं, खालून पाहिलं. दार नीट लागलंच नव्हतं! तिने पाठ टेकवली आणि जोर लावला.

खट्!

छुळ छुळ छुळ... घुम् घुम् घुम्... छुळ छुळ छुळ...

सुरू झालं!

सात ताटं स्वच्छ. सात वाट्या स्वच्छ, अजून कोमट. झिपरीने वाट्यांत खीर वाढली. पिल्लांनी खाल्ली. भुरुक भुरुक, भुरुक भुरुक!

"आई, तू पण खा," सगळ्यात धाकटं म्हणालं. त्याने आपली वाटी पुढे केली.

झिपरीने खाल्ली. गोड, गरम, वेलची घातलेली. मग ती पाय पसरून बसली. सात पिल्लं तिच्या अंगावर लोळली.

कोणाला आता काही सांगायचं नव्हतं. कुठे पळायचं नव्हतं.

वाटी झाली रिकामी, पोट झालं गोल, गोष्ट गेली निजायला, तुम्हीही डोळे मिटा.