निरोप्याचं मन

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की त्या मुलखात लिहिता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत आणि निरोप जायचे ते माणसाच्या तोंडूनच. लहानांनो, तुम्हाला हे खरं वाटणार नाही. मोठ्यांनो, तुम्हीही हसाल. पण तसा काळ होता.

त्या डोंगराळ राज्यात हैबती नावाचा एक निरोप्या होता. निरोप राजाचा असो की एखाद्या सासुरवाशिणीचा, हैबती तो नीट ऐकून घ्यायचा आणि कंबर कसून निघायचा. वाटेत शब्द सांडू नये म्हणून तो निरोप मनात सारखा घोळवत राहायचा. चढावर घोळवायचा, उतारावर घोळवायचा, झऱ्याकाठी भाकरी खातानाही घोळवायचा.

त्या कामाचा एक नियम होता. ज्याच्यासाठी निरोप, त्याच्यासमोर उभं राहून तो शब्दाला शब्द सांगायचा. ऐकणाऱ्यानं पुरतं ऐकून "पावला" म्हणायचं. तसं म्हटलं की निरोप्या मोकळा. तोवर त्यानं दारातून हलायचं नाही.

चाळीस वर्षं हैबतीनं हेच केलं. मग एकदा घाटात पाय निसटला आणि गुडघा कायमचा गेला. राजानं त्याला शाल दिली, गावाच्या शिवेवर झोपडी बांधून दिली आणि म्हटलं, "हैबती, फार धावलास. आता बस."

हैबती बसला. पण त्याचं मन बसलं नाही.

म्हशीला रेडकू झालंय. वाट खचलीय, सणाला येऊ नका. थोरलीचं लग्न ठरलं. कधीचे निरोप, कुणाकुणाचे! ते सगळे डोक्यात बोलत राहायचे. त्यांच्यात त्याचे स्वतःचे विचार मिसळायचे. छपराचं गवत कुजलंय. सरपण संपत आलंय. काल पाटील आपल्याकडे बघून असे का हसले? एक संपला की दुसरा, दुसरा संपायच्या आत तिसरा. हैबती बसल्या बसल्या पुटपुटायचा. नदीवर जाणाऱ्या बायका त्याला पाहिलं की पोरांना ओढून वाटेच्या पलीकडच्या कडेनं जायच्या.

त्याची बायको राही वीस वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. गावात त्याला नावानं हाक मारील असं कोणी उरलं नव्हतं. दिवसभर डोक्यात शंभर माणसं बोलायची आणि झोपडीत एक माणूस यायचं नाही.

जवळच्या टेकडीवर एक मठ होता. तिथले स्वामी लोकांना ध्यानाला बसायला शिकवत. हैबती काठी टेकत वर गेला आणि म्हणाला, "महाराज, माझ्या डोक्यातला बाजार उठवा. मला थोडं गप्प राहायचंय."

स्वामींनी त्याला समईसमोर बसवलं. "ज्योतीकडे बघा. दुसरं काही नको."

हैबती बघू लागला. ज्योत छान होती. तेल बहुतेक करडईचं असावं. करडईवरून त्याला एक तेली आठवला, तेल्यावरून त्याचा निरोप आठवला, आणि ज्योत कुठल्या कुठे राहिली.

स्वामी म्हणाले, "मग श्वास मोजा."

हैबतीनं श्वास मोजले. पण त्याला मोजायची सवय होती ती पावलांची. शंभर झाले की तो मनानं ओढ्यापर्यंत, पाचशे झाले की घाटाच्या तोंडाशी.

शेवटी स्वामींनी त्याला नाम दिलं. ते नाम घोळवता घोळवता हैबतीला कळेना, की हे पोचवायचंय कुणाला. त्या काळजीनं त्याला घाम फुटला.

महिनाभरानं स्वामींनी त्याला बाजूला बोलावलं. ते वाईट नव्हते, थकले होते. "हैबती, मनावर घेऊ नका. पण तुमच्या पुटपुटण्यानं बाकीच्यांची बैठक मोडते. काही मनं या जन्मी बसतच नाहीत. तुम्ही घरी जा."

हैबतीनं नमस्कार केला आणि तो टेकडी उतरू लागला. उतारावर गुडघा दुखत होता. पण त्याहून एक वाक्य दुखत होतं. या जन्मी नाही. म्हणजे मरेपर्यंत असंच. वाटेच्या कडेला खोल दरी होती. हैबती तिथे थांबला आणि बराच वेळ खाली बघत राहिला.

"अरे ए भाऊ!" मागून आवाज आला. "नुसता उभाच आहेस तर ही पानं धर की जरा. वाऱ्यानं उडतायत."

पळसाच्या झाडाखाली एक म्हातारी मठासाठी पत्रावळी लावत बसली होती. हैबती मागे फिरला आणि तिच्यासमोर बसून त्यानं पानांच्या ढिगावर हात ठेवला. म्हातारी बोलकी होती. तिनं त्याला काम विचारलं, त्यानं सांगितलं.

"निरोप नेलास आणि तो माणूस घरातच नसला तर?" तिनं विचारलं.

"तर दारात बसायचं. तो येईपर्यंत."

"आणि आला, पण ऐकूनच घेईना तर?"

"तर पुन्हा सांगायचं. परत परत सांगायचं. तो 'पावला' म्हणेपर्यंत निरोप्याला हलताच येत नाही, आजी. हाकललं तरी तो…"

बोलता बोलता हैबती थांबला. आपलेच शब्द त्याला कुणी दुसऱ्यानं सांगितल्यासारखे ऐकू आले.

"हाकललं तरी काय?" म्हातारीनं विचारलं.

"हाकललं तरी तो दारातच उभा राहतो," हैबती हळूच म्हणाला.

म्हातारीला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिनं पुढची काडी टोचली. पत्रावळी संपेपर्यंत हैबती पानं धरून बसला आणि मग दरीकडे न बघता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो झोपडीच्या उंबऱ्यात बसला. त्यानं ज्योत लावली नाही, श्वास मोजले नाहीत. पहिला विचार आला, छपराचं गवत कुजलंय. हैबतीनं त्याला हाकललं नाही. पुरतं ऐकलं आणि म्हटलं, "पावला." विचार गेला. दुसरा आला. "पावला." तिसरा आला.

पहिल्या दिवशी विचारांची रांग संपली नाही. काही तर पुन्हा पुन्हा फिरून आले. हैबतीच्या ध्यानात आलं, की जे परत येतात त्यांना आपण अर्धवट ऐकून, घाईनं वाटेला लावलेलं असतं. निरोप अर्धा ऐकून चालत नाही. मग तो दर विचाराला शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू लागला.

कितीतरी दिवस असे गेले. एका सकाळी एक विचार गेला आणि दुसरा आलाच नाही. फार वेळ नाही, चिमणी दोनदा चिवचिवेल इतकाच. पण हैबतीनं ती चिमणी ऐकली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

बाळांनो, गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण रांग ओसरली की सर्वांत मागे उभा असलेला निरोप दिसतो.

त्या दिवशी तो दिसला. वीस वर्षांपूर्वीची खिंड, टळटळीत दुपार, आणि समोरून धावत येणारा मानकू. मानकू त्याच्याच जोडीचा निरोप्या, त्याचा जिवाभावाचा मित्र.

"हैबती, थांब!" मानकू धापा टाकत म्हणाला होता. "वहिनींचा निरोप आहे. ताप उतरत नाही. म्हणाल्या, 'घरी या. एकटीला भीती वाटते.'"

हैबतीकडे तेव्हा राजाचा निरोप होता. राजाच्या मेहुण्याला सांगायचं होतं, की यंदा आंब्याची कलमं लवकर पाठवा. एवढाच. पण हैबतीनं आयुष्यात एकही निरोप चुकवला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो "पावला" म्हणाला नाही. तो म्हणाला, "तू मला भेटलाच नाहीस असं समज. मी हे पोचवून येतो." आणि तो पुढे निघून गेला.

पाचव्या दिवशी तो परतला तेव्हा चूल थंड होती आणि राही नव्हती. त्यानंतर हैबतीनं मानकूकडे कधी डोळे वर करून पाहिलं नाही. त्या दोन वाक्यांना तो वीस वर्षं बाकीच्या निरोपांच्या गर्दीत लपवत राहिला.

आता गर्दी नव्हती. उन्हं पायांवर आली तरी हैबती उंबऱ्यातून उठला नाही. घरी या. एकटीला भीती वाटते. त्यानं ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. तिच्या आवाजात ऐकलं. मग तोंड झाकून तो रडला, आणि रडून झाल्यावर, राही तिथे समोर असल्यासारखा म्हणाला, "पावला गं."

काही दिवसांनी त्यानं काठी घेतली आणि मानकूच्या गावाची वाट धरली. वाट दोन दिवसांची, त्याच्या गुडघ्याला चार लागले. मानकूही म्हातारा झाला होता, एकटाच राहत होता. अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. हैबतीला पाहून त्याचे हात थांबले.

"मानकू," हैबती उभ्यानंच म्हणाला, "तू परत गेल्यावर तिला काय सांगितलंस?"

मानकूनं हातातला दोर खाली ठेवला. "खोटं सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, येतायत. खिंड ओलांडलीय. तशा तापातही त्यांनी शेजारणीला भाकरी थापायला लावली. तुझ्यासाठी. दाराकडे बघत होत्या."

पूर्वीचा हैबती असता तर इथून पळाला असता. हा हैबती उभा राहिला आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो मानकूच्या शेजारी जमिनीवर बसला.

"ते खोटं मी तुझ्याकडून बोलवलं, मानकू. ते माझं आहे. तुझं नाही."

मानकूनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "वीस वर्षं ते माझ्या डोक्यात बोलतंय रे. झोपू देत नाही. तुझ्या चेहऱ्यावर आज काहीतरी निवलेलं दिसतंय. काय केलंस तू?"

हैबतीनं त्याला आपली रीत सांगितली. मानकूनं दोन दिवस करून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी वैतागून उठला. "मला नाही जमत हे नुसतं बसणं. हात वळवळतात माझे."

हैबतीला स्वामींचं वाक्य आठवलं. ते त्यानं उच्चारलं नाही. तो म्हणाला, "मग हातांना कशाला बसवतोस? दोर वळ. पण वळताना पिळाकडेच बघ. मन भलतीकडे गेलं की पीळ सैल पडेल, ते तुझी बोटंच तुला सांगतील. रागावू नकोस. तेवढंच उलगडायचं, काय आठवलं ते ऐकायचं, आणि पुन्हा वळायचं."

मानकूनं दोर हातात घेतला. पहिल्या दिवशी हातभर दोर झाला, तोही गाठीगाठींचा. आठव्या दिवशी हैबती जायला उठला, तेव्हा मानकूचं डोकं वर झालं नाही. तो वळत होता. अंगणात दुसरा कसलाच आवाज नव्हता. हैबती न बोलता निघाला.

घरी त्याची झोपडी होती तशीच होती. राही परत आली नाही, आणि येणार नव्हती. संध्याकाळी एकटेपण दाराशी येऊन बसायचंच. पण आता हैबती त्याला आत येऊ द्यायचा आणि दोघं शांत बसायचे. त्याचं पुटपुटणं थांबलं तशी नदीवर जाणाऱ्या बायका वाटेच्या अलीकडच्या कडेनं जाऊ लागल्या. दर वर्षी सुगीनंतर मानकू दोराची वेटोळी खांद्यावर टाकून चार दिवस राहायला येई. सकाळी एक उंबऱ्यात बसे, दुसरा अंगणात दोर वळी, आणि दुपारच्या भाकरीपर्यंत दोघांपैकी कोणी एक शब्द बोलत नसे.

म्हणून लक्षात ठेवा: मन दटावून गप्प होत नाही, ते पुरतं ऐकून घेतलं की शांत होतं, आणि ऐकायची रीत ज्यानं त्यानं आपल्याच जगण्यातून शोधायची असते.