तीन ओळींची भिंत

फार पूर्वी, तळी आपल्या मर्जीने वाढत आणि आपल्या मर्जीने आटत, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका तळ्याकाठी एक गाव होतं आणि गावाच्या चावडीला एक लांबलचक पांढरी भिंत होती. भिंतीवर चित्रांच्या तीन ओळी होत्या. खाली पाण्यातले जीव, मध्ये जमिनीवरचे, वर आभाळातले.

गावातल्या प्रत्येक घराला त्यातला एकेक जीव वाटून दिलेला होता. ज्याचा बगळा त्याने बगळ्याला जपायचं, ज्याचं मुंगूस त्याने मुंगसाला. भिंतीवर ज्याचं चित्र नाही तो उपरा. दिसला की उपटायचा, नाहीतर हाकलायचा. आणि एखाद्या घराचा जीवच दिसेनासा झाला, तर तो नीट जपला नाही म्हणून त्या घराने गाव सोडायचं. रीत कडक होती खरी, पण काळ्या दगडावरची रेघ पुसणार कोण?

दर वसंतात गावची चितारीण फिकटलेले रंग पुन्हा भरी. हात देखणा, स्वभाव हट्टी. आजीने काढलेली रेघ ती केसभरही हलू देत नसे.

तळं मात्र हलत होतं. दर पावसाळ्यात डोंगरावरची माती उतरून तळाशी बसे. पाणी उथळ झालं, कमळं आत आत सरकली आणि काठाला पाणकणीस उगवलं. उंच, सरळ दांड्यांचं ते गवत भिंतीवर नव्हतं, म्हणून बायका विळे घेऊन ते कापून काढत. ते पुन्हा उगवे. खोल पाण्यातला रोहू तर तीन वर्षं कुणाला दिसला नव्हता.

रोहू होता एका एकट्या कोळीण म्हातारीच्या घराचा. भिंत रंगवायच्या दिवसापर्यंत मासा दिसला नाही तर गाठोडं बांधा, असं पाटलांनी तिला सांगून टाकलं. म्हातारीचा सगळा जन्म त्या काठावर गेला होता. ती चितारणीकडे आली आणि म्हणाली, "माझी नजर गेली, पोरी. तू एकदा बघून ये."

चितारीण पहाटे होडी घेऊन निघाली. धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. होडी आपोआप सरकत गेली आणि पाणकणसात जाऊन थांबली. बराच वेळ झाला, मासा काही दिसला नाही.

तेवढ्यात एका दांड्यावर पाण्यातून एक तपकिरी, बेढब पाणकिडा चढू लागला. तिने त्याला लगेच ओळखलं. खालच्या ओळीतला, डावीकडून तिसरा. अर्ध्यावर येऊन तो थांबला. त्याच्या पाठीला उभी चीर पडली आणि तिच्यातून काहीतरी ओलं, मऊ, हळूहळू बाहेर आलं. चुरगळलेले पंख उलगडले, धुकं विरल्यावर उन्हात वाळले. तो चतुर होता. वरच्या ओळीतला. बघता बघता उडूनही गेला.

पाणकिड्याचं घर आणि चतुराचं घर यांचं पिढ्यान्‌पिढ्या विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. चतुरवाले म्हणत, तुम्ही चिखलातले. पाणकिडेवाले म्हणत, तुम्ही वाऱ्यावरचे. आणि तो एकच जीव वीस वर्षं ती दोन वेगळ्या कुंचल्यांनी रंगवत आली होती. चितारणीला आधी हसू आलं, मग आपलीच लाज वाटली.

रंगवायच्या दिवशी म्हातारी गाठोडं घेऊन चावडीवर आली. चितारणीने तिला खरं ते सांगितलं. मासा गेला, पण तुझ्या हयगयीने नाही, त्याला हवं तेवढं पाणीच उरलं नाही. खोटा मासा मी रंगवणार नाही. मग तिने हिरवा रंग घेतला आणि तिन्ही ओळी छेदत एक उंच दांडा काढला. खाली पाणकिडा, मध्ये रिकामी कात, वर चतुर.

पाटील भडकले. म्हणाले, "भिंतच बदलली, तर आपलं कोण आणि उपरं कोण, हे ठरवायचं कसं?"

"पाटील, माझ्या आजीने तळं बघून भिंत काढली होती. तळ्याने भिंत बघून वागावं, असं ती कधी म्हणाली नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाटील स्वतः काठावर जाऊन बसले. सोबत त्या दोन घरांचे कर्ते पुरुष होते. दांड्यावर किडा चढला, तेव्हा एकाने तो आपला असल्याचं बजावलं. पाठ उलली, पंख बाहेर आले आणि दुसऱ्याच्या घरचा चतुर उडून गेला. पाटील चिखलाने भरलेल्या पायांनी गावात परतले. या गवताला घर नाही, ज्या घराला जीव नाही त्याने ते घ्यावं, एवढंच बोलले.

दुपारी बायका सवयीने विळे घेऊन तळ्यावर आल्या. पाहतात तो म्हातारी गुडघाभर चिखलात, पाणकणसाला पाठ लावून उभी. समोर कोण आहे हे तिला नीट दिसतही नव्हतं.

"विळे खाली ठेवा, बायांनो," ती म्हणाली. "हे माझ्या घरचं आहे."

तात्पर्य: जिवांच्या ओळी आपण लावतो, पण जीव त्या ओळींत थांबत नाहीत. जे बदललं ते आधी नीट पाहावं, मग आपलं-परकं ठरवावं.