चाहूल

त्या पाणथळीच्या राज्यात नाव गळा बघून टिकत असे. गोड गळ्याच्या पाखरांची नावं पुढे लेकीबाळींना ठेवायची आणि जिचा आवाज कर्कश, तिचं नाव तिच्याबरोबरच संपवायचं, असा तिथला रिवाज.

लव्हाळी टिटवीच्या आईचं नाव होतं चाहूल. गवत जरा वेगळं हललं की ती ओरडायची, आणि ती ओरडली की कोल्हा दिसायचा. एकदा नाही, दरवेळी. राज्याचे कारभारी होते बगळे. एका पायावर, डोळे मिटून उभे. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं, की ही ओरडते म्हणूनच कोल्हा येतो. म्हातारीला त्यांनी बांधापलीकडच्या उजाड माळावर धाडलं आणि तिचं नाव कुणी उच्चारायचं नाही, अशी ताकीद दिली. म्हातारी गेली ती मान ताठ ठेवून. जाताना लेकीला एवढंच म्हणाली, की अंडं खड्यांत ठेव, खड्यासारखं दिसू दे. पुढचा हंगाम लागायच्या आत ती माळावरच सरली.

मग एका भर दुपारी कोल्हा आला. कुणी ओरडलं नाही. पाणथळ डुलक्या घेत राहिली आणि घरट्यामागून घरटं रिकामं झालं. खड्यांतलं लव्हाळीचं एक अंडं तेवढं त्याला दिसलं नाही.

त्यातून लेक निघाली. बाराव्या दिवशी बारसं मांडलं. थोरले बगळेकाका म्हणाले, मंजुळा ठेवा, पोरीला शोभेल. लव्हाळीनं आपल्या मनातलं नाव सांगितलं, तशी जमलेली पाखरं दोन पावलं मागे सरली.

"त्या नावानं कोल्हा येतो, बाई."

"मागल्या खेपेला तर नाव न घेताच आला, काका."

आत्या बाळाच्या कानाशी वाकली खरी, पण तिच्या चोचीतून अक्षर फुटेना.

"सरा वन्सं," लव्हाळी म्हणाली. "हे नाव कानात सांगायचं नाहीच."

तिनं पाय रोवले, मान उंच केली आणि थेट आईच्या आवाजात नाव घेतलं.

पाणथळभर पंखात खुपसलेली सगळी डोकी एकदम वर आली. बगळेकाकांनी कित्येक वर्षांनी दुसरा पाय चिखलात टेकवला आणि डोळे उघडले. आणि तिकडे बांधाआड, कोल्ह्यानं उचललेलं पाऊल हळूच होतं तिथं परत ठेवलं.